बर्फ वितळताना तापमान शून्यावर का थांबत नाही? उष्मा आणि अवस्थांतराच्या शालेय प्रयोगांतील नेहमीच्या अडचणी

लक्षण बहुतेक वेळा एकच असते. बीकरमध्ये बर्फ आहे, खाली दिवा पेटलेला आहे, दर मिनिटाला वाचन चालू आहे आणि थर्मामीटर ३, ५, ८ असा चढत निघाला आहे. बर्फाचे तुकडे मात्र अजून तरंगताहेत. पुस्तकातल्या आलेखात ०°से.वर दिसणारी आडवी रेषा वहीत तिरपी उतरते आणि शेवटी 'बर्फ अशुद्ध होता' असे कारण लिहून विषय मिटवला जातो.

ते कारण चुकीचे आहे, आणि आकडेमोड केली की लगेच कळते. १ लीटर पाण्यात तब्बल ५८ ग्रॅम मीठ विरघळवले तर गोठणबिंदू सुमारे साडेतीन अंशांनी उतरतो. नळाच्या पाण्यात लीटरमागे अर्धा ग्रॅम क्षार असले तरी फरक अंशाच्या काही शतांश भागाएवढाच पडेल. शिवाय अशुद्धीमुळे गोठणबिंदू खाली जातो, वर नव्हे. म्हणजे वाचन ५°से. आले तर अशुद्धी त्याचे कारण असूच शकत नाही.

खरे कारण साधे आहे. थर्मामीटर बीकरचे तापमान दाखवत नाही, स्वतःच्या फुग्याला जे चिकटून आहे त्याचे दाखवतो. फुगा कशाला टेकला आहे, तिथे उष्मा कोणत्या वेगाने येतो आणि बर्फ तो कोणत्या वेगाने शोषतो, हे पाहिले की पुढच्या जवळजवळ सगळ्या अडचणींचा उलगडा होतो.

आधी थर्मामीटर तपासा

शाळेतल्या लाल द्रवाच्या थर्मामीटरमध्ये एका अंशाची चूक सर्रास असते. दहा थर्मामीटर एकाच पाण्यात बुडवले तरी दहांचे वाचन जुळत नाही. म्हणून प्रयोगाआधी शून्याची चाचणी घ्याच. बर्फाचा बारीक चुरा बीकरमध्ये दाबून भरा, फटी भरतील एवढेच थंड पाणी घाला, जास्तीचे ओतून टाका. फुगा किमान ५ सेंमी आत खुपसून ५ मिनिटे ठेवा आणि मग वाचा. १°से. दिसले तर त्या थर्मामीटरवर कागदी चिठ्ठी लावून '+१' लिहून ठेवा. वरची दुरुस्ती उकळत्या पाण्याच्या वाफेत ठरते. शून्याला १ आणि वाफेला ९९ दाखवणाऱ्या थर्मामीटरचे खरे तापमान काढायचे तर वाचनातून १ वजा करा, ९८ने भागा आणि वाफेच्या खऱ्या तापमानाने गुणा.

द्रवाचा स्तंभ मध्येच तुटलेला असेल तर कोणतेही वाचन निरर्थक ठरते. हे दिसायला सोपे नसते, थर्मामीटर उजेडासमोर धरून पाहावे लागते. दुरुस्तीसाठी वजनाने ३ भाग बर्फाचा चुरा आणि १ भाग मीठ मिसळा. हे मिश्रण शून्याच्या बरेच खाली, उणे १५ ते उणे २०पर्यंत जाते. त्यात फक्त फुगा बुडवून थर्मामीटर उभा धरा. द्रव आकसून फुग्याकडे ओढला जातो. मग थर्मामीटर धरलेल्या हाताचे मनगट दुसऱ्या हाताच्या तळव्यावर हलकेच आपटत राहिले की तुटलेला तुकडा खाली येऊन जुळतो. स्तंभ जोडण्यासाठी फुगा ज्योतीवर धरू नका, काच फुटते.

आणखी एक. ५०°से.पर्यंतच खुणा असलेला थर्मामीटर उकळत्या पाण्यात टाकला तर तो फुटतो. पेटीतून काढताना वरची मर्यादा वाचा. पाऱ्याचे थर्मामीटर मुलांच्या हातात देऊ नयेत. फुटले तर पाऱ्याची वाफ खोलीत पसरते आणि ती विषारी असते.

तरीही आडवी रेषा मिळत नाही

फुगा बहुधा तळाला टेकलेला असतो. तळाची काच ज्योतीमुळे तापलेली असते, त्यामुळे वाचन वितळणाऱ्या बर्फाचे न येता काचेचे येते. क्लँपने थर्मामीटर असा लटकवा की फुगा तळापासून २ ते ३ सेंमी वर, बर्फाच्या मधोमध राहील. हातात धरलेला थर्मामीटर दोन वाचनांत हमखास खाली सरकतो, त्यामुळे स्टँड टाळू नका.

दिवा नसतानाही तळाजवळ ३ ते ४°से. दिसते, याचे अनेकांना आश्चर्य वाटते. पाण्याची घनता ४°से.ला सर्वाधिक असते. वर शून्यावरचे पाणी आणि बर्फ तरंगतो, किंचित कोमट झालेले पाणी जड होऊन तळाशी बसते. न ढवळलेल्या बीकरमध्ये तळ ४°से. आणि पृष्ठभाग ०°से. ही स्थिती बराच वेळ टिकू शकते. पाण्याच्या असंगत आचरणाचा हा पुरावाच आहे, पण आपल्या आलेखाला तो नको असतो. उपाय एकच, ढवळणे. काचेच्या कांडीने किंवा तारेच्या वळ्याच्या ढवळणीने सतत, वर-खाली ढवळा. थर्मामीटरने ढवळू नका. फुग्याची काच पातळ असते.

तुकड्यांचा आकारही महत्त्वाचा. ३ सेंमीचे चौकोनी तुकडे पाण्यात मोकळे तरंगतात, त्यांच्यातले पाणी सुटे राहून गरम होते. तोच बर्फ जाड कापडात गुंडाळून लाकडी हातोडीने १ सेंमीपेक्षा लहान फोडला तर पृष्ठभाग कितीतरी वाढतो आणि आलेला उष्मा बर्फ लगेच शोषून घेतो.

आता ज्योतीबद्दल, कारण बहुतेक प्रयोग इथेच फसतात. १ ग्रॅम बर्फ ०°से.ला वितळायला ३३४ जूल लागतात. १ ग्रॅम पाणी १°से.ने तापायला ४.१८ जूल. म्हणजे जेवढ्या उष्म्यात बर्फ नुसता वितळतो, तेवढ्यात तेच पाणी शून्यापासून ८०°से.पर्यंत पोचले असते. यावरून ज्योत ठरवता येते. २०० ग्रॅम पाणी २०°से.ने तापवायला तुमच्या दिव्याला किती वेळ लागतो ते मोजा. ३ मिनिटे लागली तर २०० ग्रॅम बर्फ वितळायला त्याच्या चौपट, साधारण १२ मिनिटे लागतील. दर मिनिटाला वाचन घेतले तर आडव्या रेषेवर १२ बिंदू मिळतात, उत्तम. पण मोठ्या बर्नरवर ५० ग्रॅम बर्फ ठेवला तर तो दीड-दोन मिनिटांत संपतो आणि रेषेवर जेमतेम दोन बिंदू पडतात. मग ती रेषा दिसणार कशी? ज्योत लहान करा, बर्फ वाढवा, वाचन दर ३० सेकंदांनी घ्या. तिवईवर तारेची जाळी हवीच, नाहीतर ज्योत एकाच जागी लागून तिथले पाणी तापते आणि काच तडकते.

शेवटचे दोन-चार तुकडे उरले की तापमान १-२ अंश चढतेच, कितीही ढवळले तरी. उरलेल्या बर्फाचा पृष्ठभाग इतका कमी असतो की येणारा उष्मा त्याला वेळेत शोषता येत नाही. ही चूक मानू नका. 'इथे थोडाच बर्फ शिल्लक' अशी टीप त्या बिंदूपाशी लिहून ठेवा. खोडून ० लिहिण्यापेक्षा ती टीप शंभरपटीने मोलाची आहे.

शून्याखालचा भागही आलेखात हवा असेल तर बीकर सोडून द्या. फ्रीझरमधला बर्फ उणे १८°से.च्या आसपास असला तरी फोडून बीकरमध्ये भरेपर्यंत चुऱ्याचा बाहेरचा थर शून्यावर येतो. रुंद परीक्षानळीत पाणी गोठवा, त्यात धातूच्या टोकाचा डिजिटल थर्मामीटर आधीच बसवा आणि नळी कोमट पाण्यात धरून वाचने घ्या. काचेचा थर्मामीटर असा गोठवू नये. गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते, फुगा चिरडतो. नळीही काठोकाठ न भरता अर्धीच भरा.

उकळते पाणी १००°से. दाखवत नाही

९७ किंवा ९८ दिसले तर आधी उंची पाहा. समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटरला उत्कलनांक सुमारे १°से. उतरतो. ६०० मीटरवरच्या वर्गात ९८°से. हेच बरोबर उत्तर आहे, तिथे १०० लिहिणारा विद्यार्थी चुकलेला आहे. वाफेवर थर्मामीटर तपासतानाही हाच आकडा धरायचा.

उंचीच्या हिशेबापेक्षाही वाचन कमी असेल तर थर्मामीटरची दांडी बघा. पूर्ण बुडवण्यासाठी आखलेल्या थर्मामीटरचा फक्त फुगा पाण्यात असतो, बाकीचा स्तंभ थंड हवेत आकसलेला राहतो. पाऱ्याच्या बाबतीत दुरुस्ती ०.००० १६ गुणिले उघडे अंश गुणिले तापमानांतील फरक. ७० अंश बाहेर, हवा ३०°से. आणि पाणी १००°से. असेल तर सुमारे ०.८ अंश. अल्कोहोल पाऱ्याच्या साधारण सहापट प्रसरण पावते, म्हणून त्याची चूक काही अंशांपर्यंत जाते. दांडीवर आडवी बुडीत-खूण कोरलेली असेल तर बरोबर तिथपर्यंतच बुडवा.

१०१-१०२ दिसणे हा उलटा दोष. फुगा तळाला टेकला असेल, किंवा नव्या स्वच्छ काचेत पाणी न उकळता जास्त तापत असेल. असे पाणी अचानक उसळते आणि भाजते. तापवण्यापूर्वीच चिनी मातीचे दोन-तीन फुटके, खरबरीत तुकडे टाका. गरम पाण्यात तुकडे कधीही टाकू नयेत, त्याच क्षणी सगळे उसळून बाहेर येते. उत्कलनांक मोजायचा तर फुगा पाण्याच्या १ ते २ सेंमी वर वाफेत ठेवा, तिथले तापमान स्थिर असते. झाकणाला वाफेसाठी मोकळे छिद्र हवे. बंद भांडे कधीच तापवू नये.

५० ते ६०°से.ला तळाशी दिसणारे बारीक बुडबुडे पाण्यात विरघळलेल्या हवेचे असतात. 'पाणी ६०ला उकळले' ही नोंद तिथून येते. बुडबुडे तळापासून पृष्ठभागापर्यंत मोठे होत येऊ लागले की मगच ते उकळणे.

अप्रकट उष्म्याचे उत्तर ३३४ऐवजी २५० येते

कोमट पाण्यात बर्फ वितळवून, १ ग्रॅम बर्फ वितळायला लागणारा उष्मा (अप्रकट उष्मा) काढायच्या मिश्रण पद्धतीच्या या प्रयोगात उत्तर कमी आले की जास्त, यावरून चूक ओळखता येते. त्यामुळे सगळे पुन्हा करण्याआधी उत्तर बघा.

प्रमाण असे घ्या: खोली ३०°से. असेल तर १०० ग्रॅम पाणी ४०°से.ला, आणि बर्फ अंदाजे २० ग्रॅम. मिश्रण २०°से.च्या जवळ यायला हवे. पाण्याने दिलेला उष्मा १०० × ४.१८ × २० = ८३६० जूल. १ ग्रॅम बर्फ वितळून २०°से.ला यायला ३३४ + ८३.६ = ४१७.६ जूल. भागाकार २०. सुरुवात खोलीपेक्षा १० अंश वर आणि शेवट १० अंश खाली ठेवला की पहिल्या अर्ध्या भागात बाहेर गेलेला उष्मा दुसऱ्या अर्ध्या भागात जवळपास परत येतो.

उत्तर कमी येण्याचे पहिले कारण ओला बर्फ. २० ग्रॅममध्ये ३ ग्रॅम आधीच वितळलेले पाणी असेल तर उत्तर ३३४ऐवजी २८४ येते. तुकडे टीपकागदात दाबून एकेक कोरडा करा, चिमट्याने लगेच आत टाका, बोटांनी धरू नका. बर्फाचे वजन आधी करत बसू नये. प्रयोग संपल्यावर कॅलरीमापीचे (ज्यात पाणी आणि बर्फ मिसळतो त्या भांड्याचे) एकूण वजन करून वजाबाकीने बर्फाचे वस्तुमान काढा. फ्रीझरमधून थेट काढलेला बर्फही नको, तो शून्याखाली असल्याने उत्तर फुगवतो. पृष्ठभागावर ओलसर चकाकी येईपर्यंत थांबा, मग पुसा.

दुसरे कारण भांडे हिशेबात न धरणे. ६० ग्रॅमचा तांब्याचा कॅलरीमापी २० अंश थंड होताना ६० × ०.३८५ × २० = ४६२ जूल देतो. तो विसरला तर उत्तर २३ने घटते. तांब्याऐवजी काचेचा बीकर वापरला तर हाल जास्त. काचेची विशिष्ट उष्माधारकता सुमारे ०.८४, १०० ग्रॅमचा बीकर म्हणजे १६८० जूल, उत्तरात ८४चा फटका. ३३४मधून ८४ गेले की २५०! शीर्षकातला आकडा बऱ्याचदा इथूनच येतो. काच एकसारखी थंड होत नसल्याने हिशेबात धरूनही चूक पुरती जात नाही. तांबे नसेल तर पातळ फोमचा कप घ्या, त्याचे वस्तुमान आणि उष्मा दोन्ही नगण्य.

तिसरे कारण दमट हवेत छळते आणि क्वचितच कुणाच्या लक्षात येते. भांडे हवेच्या दवबिंदूखाली गेले की बाहेरून दव धरते. अर्धा ग्रॅम दव साठताना सुमारे १२०० जूल सोडते आणि त्यातले बरेच भांड्यातच जातात. वर ते अर्धा ग्रॅम बर्फ म्हणून मोजलेही जाते. बाहेरची बाजू ओली दिसली तर शेवट २०ऐवजी २५°से.ला ठेवा, सुरुवात ३५°से.ला करा, बर्फ त्या प्रमाणात कमी, ९-१० ग्रॅम घ्या.

उत्तर ३३४हून जास्त आले तर पाणी सांडले किंवा शिंतोडे उडाले का ते पाहा, त्याने बर्फाचे वस्तुमान कमी भरते. नाहीतर सुरुवातीचे तापमान वाचून बर्फ टाकेपर्यंत वेळ गेला असणार. मधल्या काळात पाणी आपोआप थंड झाले आणि त्याचे श्रेय बर्फाला मिळाले. वाचन बर्फ टाकण्याच्या अगदी क्षणभर आधी घ्या.

शीतकरण वक्रात पायरी नाही

वितळलेला पदार्थ थंड होताना तापमानाचा आलेख गोठणबिंदूपाशी काही वेळ आडवा राहतो, ती पायरी. मेणबत्तीचे मेण वापरले असेल तर ती मिळणारच नाही. ते अनेक पदार्थांचे मिश्रण असते आणि एका ठरावीक तापमानाला गोठत नाही. शुद्ध स्टिअरिक आम्ल सुमारे ६९°से.ला स्पष्ट पायरी देते. मात्र मेणबत्त्यांसाठी विकले जाणारे स्टिअरिक आम्ल पामिटिक आम्ल मिसळलेले असते आणि त्याची पायरी ६०च्याही खाली व तिरपी येते. डब्यावर शुद्धता पाहा. लॉरिक आम्ल सुमारे ४४°से.ला गोठते, त्यामुळे ते मुलांसाठी सोयीचे आणि सुरक्षित. कपाटातल्या डांबरगोळ्या टाळाव्यात. काही नॅप्थलीनच्या असतात, द्रवणांक ८०°से., काही पॅराडायक्लोरोबेंझीनच्या, द्रवणांक ५३°से. दिसायला सारख्या, वाफ दोन्हींची अपायकारक.

परीक्षानळी थंड पाण्यात धरू नका. भिंतीलगतचा थर गोठतो, मधले द्रवच राहते. नळी रिकाम्या बीकरमध्ये हवेत लटकवली की शीतकरण संथ आणि एकसारखे होते. घट्ट होईपर्यंत ढवळत राहा. कधी वाचन गोठणबिंदूच्या खाली जाऊन पुन्हा उसळी मारते. हे अतिशीतन आहे, हायपोमध्ये (सोडियम थायोसल्फेट) तर ते फारच ठळक दिसते. ती खाच आलेखात तशीच ठेवा. गोठलेल्या पदार्थातून थर्मामीटर ओढून काढू नका, नळी गरम पाण्यात ठेवून वितळवा आणि मग काढा.

तार बर्फात अडकते

पुनर्हिमायनाच्या प्रयोगात वजने लटकवलेली तार बर्फाच्या लादीतून खाली सरकते आणि वरचा छेद पुन्हा गोठून बंद होतो. पण लादी थेट फ्रीझरमधून काढली की तार अर्धा मिलिमीटर रुतते आणि तिथेच गोठून बसते. दाबामुळे द्रवणांक वातावरणी दाबामागे जेमतेम ०.००७५ अंश उतरतो. १० सेंमी रुंद लादीवर अर्धा मिमी जाडीची तार आणि एकूण ५ किलो वजन म्हणजे सुमारे १० वातावरणे, उतार ०.०७५ अंश. लादी उणे १०°से.ला असेल तर एवढ्याने काय होणार? ती बाहेर ठेवून पाझरू लागली की तार लावा.

तार धातूचीच घ्या. तारेवरचे पाणी पुन्हा गोठताना सोडलेला उष्मा तारेतून खाली जाऊन खालचा बर्फ वितळवतो. नायलॉनचा दोरा तेवढ्याच वजनाखाली फार रेंगाळतो, तांब्याची तार पटकन जाते. पण तारेची उघडी टोके खोलीतला उष्माही आत आणतात, त्यामुळे वरचा छेद नीट न जुळता ओला राहतो. लादीबाहेरचा तारेचा भाग कापडाने गुंडाळला की छेद मागून व्यवस्थित बंद होतो.

संप्लवनात (घनाची थेट वाफ होताना) पदार्थ वितळतो, नरसाळ्यावर काही जमत नाही

ज्योत मोठी आहे. कापूर १७५°से.च्या पुढे, आयोडीन सुमारे ११४°से.ला वितळते. जोरात तापवले की वाफ होण्याआधी द्रव दिसतो. बाष्पनपात्र वाळूच्या थरावर ठेवा, ज्योत अगदी बारीक करा. उलट्या नरसाळ्याच्या नळीत कापसाचा सैल बोळा घाला आणि बाहेरून ओला कापूस गुंडाळा, नाहीतर नरसाळेच तापते आणि वाफ जमायला थंड जागा उरत नाही. कापराची वाफ पेट घेते, तिथे उघड्या ज्योतीऐवजी गरम पाण्याचे भांडे वापरा. आयोडीनचा प्रयोग खिडक्या उघड्या ठेवून, चिमूटभर घेऊनच करा. नवसागर नरसाळ्यावर छान पांढरा जमतो, पण तापल्यावर त्याचे अमोनिआ आणि हायड्रोजन क्लोराइड असे विघटन होते आणि थंड भागावर ते दोन्ही पुन्हा एकत्र येतात. नुसते अवस्थांतर दाखवायचे असेल तर कापूर घ्यावा.